सात नंबरची काजं

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाया मागच्या अंगणात गेल्या, तशी अक्काने खिडकीपाशी टांगलेल्या कोटांतला वरचा काढला, मांडीवर पसरला आणि ब्लेडच्या टोकाने एका काजाचा पहिला टाका उसवला. दुसरीचं काम उसवायचं नाही, हा नियम नव्या बाईला पहिल्याच दिवशी तीच सांगायची. आज तिचा नाइलाज होता. किती तरी दिवसांत तिला धड झोप लागली नव्हती.

टाका निघाला, गाठ सुटली. अक्काने दोरा उजेडात धरला, दोन बोटांत चोळला, मग वास घेऊन पाहिला. त्याला मेण लावलं असेल, नाही तर साबण, अशी तिची खात्री होती. काही नव्हतं. साधा रेशमी दोरा, तिच्या स्वतःच्या रिळावर होता तोच. तिने आणखी चार टाके उसवले. प्रत्येक गाठ शेजारणीला चिकटून, एकीनेही मान वर काढलेली नाही.

"मेलीचा हातच तसा," ती पुटपुटली. दोऱ्यात काही गुपित असतं तर चोरता तरी आलं असतं.

अंगणातून पावलं ऐकू आली, तसे तिने घाईघाईने पाचही टाके पुन्हा घातले आणि कोट जागेवर टांगला. सुट्टी संपल्यावर मुकी आली. खुर्चीवर बसली, कोट हातात घेतला आणि थांबली. अंगठा काजावरून फिरवला. मग एक शब्द न बोलता तिने अक्काचे पाच टाके उसवले आणि आपले घातले. अक्का समोरच होती. मुकीने मान वर करून पाहिलंदेखील नाही. दोन शिव्या दिल्या असत्या तर अक्काला बरं वाटलं असतं.

मुकी हे नाव अक्कानेच पाडलेलं. ती मुकी नव्हती, तिला इथली भाषा येत नव्हती एवढंच. चार महिन्यांपूर्वी मालक तिला स्वतः घेऊन आला. कुठून आली, कशी आली, कोणी विचारलं नाही. अंगात कोणाचा तरी मापाबाहेरचा स्वेटर, हातात कापडी पिशवी आणि डाव्या हाताच्या बोटात सुई टोचू नये म्हणून घालतात ते पितळी अंगुस्तान. ती डावखुरी होती. मालकाने तिला सरळ खिडकीच्या खुर्चीवर नेऊन बसवलं.

आता त्या खुर्चीची गोष्ट अशी, की तिथे बसणारी म्हातारी काम सोडून गेली त्या दिवशी मालक अक्काला म्हणाला होता, "आता ती जागा तुमचीच." बावीस वर्षं अक्का आतल्या बाजूला बल्बखाली बसून लोकरी कोटांना हाताने काजं करत होती. काळ्या कापडावर काळा दोरा, डोळे पार उतरले होते. डॉक्टर म्हणाले होते, उजेडात बसा नाही तर काम सोडा. काम सोडून खायचं काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. म्हणजे ती खुर्ची म्हणजे नुसती खुर्ची नव्हती.

त्यात पहिल्याच दिवशी मालकाने मुकीचं काज हातात धरून सगळ्यांना दाखवलं. "असं पाहिजे," तो म्हणाला. बावीस वर्षांत अक्काच्या कामाबद्दल तो एकदाच काही बोलला होता, ते म्हणजे जाताना बल्ब बंद करत जा.

अक्कानेही त्या दिवशी ते काज हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि मुकीच्या तोंडावर म्हणाली, "वाईट." तिला कळणार नाही हे ठाऊक होतं, म्हणूनच म्हणाली. बाकीच्या बाया हसल्या. नव्याचे नऊ दिवस, असं त्या अक्काला समजावत. नऊ गेले, नव्वद गेले, मुकीचा हात तसाच चालत होता.

टाके उसवून पाहिले त्या संध्याकाळी अक्का घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लोकरीचा तुकडा घेऊन बसली. मुकी दोरा आपल्याकडे न ओढता वर उचलते आणि गाठ अंगठ्याच्या नखाने बसवते, हे तिने हेरलं होतं. उजव्या हाताने गाठ बसेना. मुकीच्या गाठी डावीकडे कलायच्या, तिच्या उजवीकडे. शेवटी चिडून तिने सुई डाव्या हातात घेतली.

"आता या वयात डावा हात कशाला?" नवऱ्याने विचारलं. "उजवा रुसला का?"

"तुम्ही तुमचं बघा."

पहिल्या दिवशी तिने स्वतःला सात वेळा टोचून घेतलं. मग रोजचाच नेम झाला. भांडी आवरली की तुकडा, सुई, डावा हात. एखादी बाई भक्तीने शिकली नसती तितकं ती जळून जळून शिकली. महिन्याभरात गाठी ओळीत बसू लागल्या. दीड महिन्याने तिने केलेलं एक काज आणि मुकीने तुकड्यावर करून पाहिलेलं, कारखान्यातून पळवलेलं एक काज शेजारी शेजारी ठेवलं आणि नवऱ्याला विचारलं, यात चांगलं कुठलं. त्याने चष्मा लावला, काढला आणि म्हणाला, "दोन्ही सारखीच." अक्का त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिला सारखं नको होतं, वरचढ हवं होतं.

आणि मग ती चिठ्ठी आली.

कारखान्यात प्रत्येक बाईला नंबर होता. कोट झाला की आतल्या खिशात नंबरची कापडी पट्टी शिवायची. तक्रार आली तर कोट त्या नंबरकडे परत. अक्काचा नंबर सात. बावीस वर्षांत सात नंबरचा एकही कोट परत आला नव्हता, आणि ही गोष्ट ती ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्यालाही सांगायची. तर मोठ्या दुकानातून चिठ्ठी आली, की पुढच्या सगळ्या कोटांना सात नंबरचीच काजं पाहिजेत. मालकाने ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली. अक्काने केस सारखे केले. मुकीकडे मुद्दाम पाहिलं. मग चिठ्ठीबरोबर आलेला नमुन्याचा कोट तिने उघडला.

गाठींचा कल डावीकडे होता. खिशातली पट्टी सातची होती.

ती तशीच मालकाच्या खोलीत गेली.

"माझा नंबर तिच्या कामाला कसा?"

मालक फोन बघत होता. "दार लावा, अक्का."

"लावते. पण माझा नंबर कसा?"

"तिला नंबर कुठून देऊ? नंबर दिला की रजिस्टरात नाव आलं. नाव आलं की कागद आले. ते तिच्याकडे नाहीत." त्याने फोन खाली ठेवला. "बिचारीला मी आसरा दिलाय. तुम्हाला काय त्रास आहे? नाव तर तुमचंच होतंय."

हेच तर दुखणं होतं. शाबासकी मिळाली, तीही दुसरीची, आणि ती नाकारताही येईना. अक्का बल्बखाली येऊन बसली आणि दिवसभर कोणाशी एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी मुकी कोण आणि अक्का कोण, हे परक्याला सांगता आलं नसतं.

रविवारी ती भाचीकडे गेली. भाचेजावई त्या ऑफिसात होता, जिथे बाहेरून आलेल्यांच्या नोंदी होतात. जेवणं झाली, भाची आत भांडी घासत होती. अक्का हळूच म्हणाली, "जावईबापू, बिनकागदाची बाई कामावर ठेवली तर काय होतं हो?"

"कोणाला? बाईला की ठेवणाऱ्याला?"

"दोघांना."

"बाई सापडली, तर आठवड्यात परत रवाना. ठेवणारा म्हणतो, मला माहीतच नव्हतं." तो हसला. "चोर सोडून संन्याशाला सुळी, मावशी. आमचं निम्मं काम तेच आहे. त्यात बाईने तिथे काम केलं हे दाखवावं लागतं. तिच्या हातचं काही सापडलं नाही, तर केसच होत नाही."

"मग मालक कागद का करून देत नाहीत?"

"एका पानाचा फॉर्म असतो. मालकाने भरायचा. आम्ही सहसा नाही म्हणत नाही. पण कागद आले, की बाई उद्या जास्त देणाऱ्याकडे जाईल. बिनकागदाची कुठे जाणार? मालकाला तेच हवं असतं." त्याने टूथपिक ताटलीत ठेवली. "का? तुमच्याकडे आहे का कोणी?"

इथे अक्काला गप्प बसता आलं असतं. तिला खिडकी दिसली, नमुन्याचा कोट दिसला, न बोलता उसवलेले ते पाच टाके दिसले.

"आहे एक," ती म्हणाली.

नंतरचे आठ दिवस काही झालं नाही. जावयाने मनावर घेतलं नसेल, असं अक्का स्वतःला सांगत होती, आणि त्यात तिला बरं वाटत होतं की वाईट, ते तिचं तिलाही ठरवता येत नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी पुढच्या खोलीत कटिंग मास्तराने कात्री टेबलावर दोनदा आपटली. मुकी उठली. कोटांच्या रांगेत शिरली, मागचं कापडाच्या कोठीचं दार उघडलं आणि बंद झालं. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढ्या वेळात खुर्ची रिकामी. अक्का बघतच राहिली. म्हणजे मालकाने तिला कागद दिले नव्हते, पण लपायचं कसं ते नीट शिकवलं होतं.

त्या ऑफिसातले दोघे जण आत आले. एक पुरुष, तो रजिस्टर मागून चाळत बसला. दुसरी पन्नाशीची बाई, साध्या चपलांतली. ती कोणाशी न बोलता फिरत फिरत खिडकीपाशी आली. खुर्चीच्या हातावर अर्धं काज झालेला कोट होता, सुई अजून लोंबत होती. खिडकीच्या कठड्यावर पितळी अंगुस्तान. तिने खुर्चीवर तळवा ठेवून पाहिला.

"हे कोण करतंय?"

"सात नंबर," मालक लगेच म्हणाला. "आमच्या अक्का."

अधिकारी बाईने अक्काकडे पाहिलं. अक्का बल्बखाली, तिच्या मांडीवर वेगळाच कोट, त्यातही सुई.

"एक बाई दोन जागी बसते?"

बाईने खिडकीतला कोट उजेडात धरला, मग अक्काच्या मांडीवरचा. "माझी आई शिवायची," ती म्हणाली. "हे उजव्या हाताचं आहे. ते डाव्या. मागे कोठी आहे ना? किल्ली कुठे?"

मालक घाईने पुढे झाला. "बाईसाहेब, काजांतलं मला काही कळत नाही. तो सगळा विभाग अक्का बघतात. पट्ट्याही त्याच लावतात. त्यांनी परस्पर कोणाला बसवलं असेल, तर मला खरंच कल्पना नाही."

अक्काला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मग कळलं. भिंतीशी तीस कोट टांगलेले होते आणि प्रत्येकाच्या खिशात सात. कागदावर ती होती, कोठीत मुकी होती. मालक कुठेच नव्हता.

"तुम्हाला काही सांगायचंय?" अधिकारी बाईने तिला विचारलं. आवाज मऊ होता.

सांगायचं तर खूप होतं. तोंड उघडायचा अवकाश, मुकी आठवड्यात गेली असती. अक्का उठली. खिडकीपर्यंतची आठ पावलं चालली आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसली. उजेड सरळ मांडीवर पडत होता. तिने कठड्यावरचं अंगुस्तान डाव्या बोटात चढवलं. ते अजून कोमट होतं.

"डोळे गेलेत माझे, बाईसाहेब," ती म्हणाली. "जाड कापड तिथे बसून करते, बारीक काम इथे. उजवा हात दुखला की डावा."

"करून दाखवा."

अक्काने लोंबती सुई उचलली. पहिला टाका तिने अंदाज घेत घातला. दुसरा बसला. तिने दोरा वर उचलला, नखाने गाठ दाबली. तिसरा, चौथा, पाचवा. काज पूर्ण होईपर्यंत कोणी हललं नाही. अधिकारी बाईने कोट घेतला, मुकीचं कुठे संपलं आणि अक्काचं कुठे सुरू झालं ते शोधलं. तिला सापडलं नाही.

"सुरेख आहे," ती म्हणाली. क्षणभर अक्काकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं होतं की काही नव्हतं, देव जाणे. "लिहून द्या. हे सगळं काम तुमच्या हातचं."

अक्काने लिहून दिलं, सही केली. दोघे गेले. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत मालक दारात उभा होता. परत आला तो हसतच.

"अक्का, लाज राखलीत. हा हात कधी दाखवला नाहीत आम्हाला?" त्याने कोठीचं दार उघडलं. मुकी बाहेर आली, केसांत कापडाचे तंतू. "आता बरंच सोपं झालं. तुम्हीच दोन्ही हातांनी करता, तर हिची जोखीम कशाला? उगाच टांगती तलवार. आजच जाऊ दे तिला. खिडकीत तुम्ही बसा."

"तिचे राहिलेले पैसे?"

"कसले पैसे? रजिस्टरात नावच नाही तिचं."

तो मुकीला खुणेने सांगू लागला, पिशवीकडे, दाराकडे. अक्का खुर्चीवर होती. खिडकी, शाबासकी, समोरची बला टळलेली, तिला जे जे हवं होतं ते सगळं ताट वाढून समोर आलं होतं. खोटं कशाला, तिला आनंद झाला. चांगला गळ्यापर्यंत आला. बावीस वर्षांत एवढा झाला नव्हता.

मुकीला समजायला वेळ लागला नाही. तिने कात्री पिशवीत टाकली, रिळं टेबलावरच ठेवली, ती मालकाची होती. मग अक्कासमोर येऊन तिने तळवा पुढे केला. अक्काला कळेना. मुकीने बोटाने दाखवलं. अंगुस्तान अक्काच्या बोटात होतं.

अक्का ते काढू लागली. बोट सुजलं होतं, निघेना. ती ओढत होती आणि मुकी तळवा पसरून शांत उभी होती, घाई न करता, जसे त्या दिवशी तिने पाच टाके उसवले होते. अंगुस्तान निघालं, तसा अक्काच्या गळ्यापर्यंत आलेला आनंद कुठे गेला तिलाच कळलं नाही.

"थांबा, मालक," ती म्हणाली. "ते एक नशिबाने जमलं."

"म्हणजे?"

अक्काने वरचा कोट घेतला. उद्या जायच्या कोटांतला, पूर्ण झालेला, फक्त काजं बाकी. तिने छिन्नी लावली आणि काजाची चीर पाडली. वाकडी. कडेपर्यंत गेलेली. लोकरीला एकदा चीर पडली की ती जोडता येत नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. मग तिने डाव्या हातात सुई घेऊन त्यावर टाके घातले, एक लांब, एक आखूड, गाठी सैल. नवशिकीनेही लाजावं असं काज तिने मालकापुढे धरलं.

"हे माझं," ती म्हणाली. "दुकानवाल्याला असंच पाठवायचं का? अकरा कोट आहेत उद्याचे. त्यांना सात नंबरची काजं पाहिजेत म्हणे."

मालकाने कोट घेतला, फिरवला. त्याचा चेहरा उतरला. "आत्ता तर केलंत."

"झालं असेल. पुन्हा होईल की नाही, मी नाही सांगू शकत."

"मग राहू दे तिला. तसंच चालू दे."

"तसंच कसं? तिला आठ नंबर द्या. एका पानाचा फॉर्म असतो. मालकाने भरायचा. सहसा नाही म्हणत नाहीत."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आमचे जावईबापू त्याच ऑफिसात आहेत."

मालक तिच्याकडे बघत राहिला. आठ-नऊ दिवसांतलं काहीतरी त्याच्या डोक्यात एकाला एक जोडत गेलं. बाकीच्या बायांनी माना खाली घातल्या. अक्काने घातली नाही. तिचा चेहरा कानापर्यंत तापला होता, पण तिने मान वरच ठेवली. मालकाने कोट टेबलावर टाकला आणि खोलीत जाऊन दार लावलं. थोड्या वेळाने आतून त्याचा फोनवरचा आवाज येऊ लागला, कुठलं ऑफिस, कितवा मजला, असं काहीतरी.

मुकीने पिशवी खाली ठेवली. खराब झालेला कोट उचलला, वाकडी चीर पाहिली, अंगठा फिरवला. मग अक्काच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच इतकं सरळ.

"वाईट," ती म्हणाली. इथल्या भाषेतला तिचा पहिला शब्द.

"वाईटच," अक्का म्हणाली.

मुकीने कोटाचा आतला खिसा उलटा केला आणि ब्लेडच्या टोकाने सातची पट्टी उसवायला लागली. तिला काय करायचं होतं ते अक्काच्या लक्षात आलं. बावीस वर्षांत सात नंबरचा कोट परत आला नव्हता. पट्टी काढली तर हा कोणाचाच राहिला नसता.

अक्काने तिच्या हातातून कोट काढून घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "माझंच आहे ते." आणि उजव्या हातात सुई घेऊन तिने अर्धवट उसवलेली पट्टी पुन्हा शिवली, चारही बाजूंनी, सावकाश. मुकी शेजारी उभी राहून बघत होती. खिडकीची खुर्ची अक्काने लगेच काही सोडली नाही.